मिक्सरच्या पोटातलं 'मेड इन इंडिया'

मागच्या महिन्यात आमच्या घरचा मिक्सर बसला. मोटर फिरतेय, आवाज येतोय, भांड्यातलं पातं मात्र ढिम्म हलत नाही, आणि आत खोबरं-लसणाची चटणी अर्धवट वाटलेली. आई म्हणाली, बघ आता, एवढं इंजिनिअरिंग केलंस ना. मी बघितलं तर कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांड्यातलं पातं जोडणाऱ्या तुकड्याचे, दात गुळगुळीत झालेले, म्हणून गल्लीतल्या रिपेअरवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी मिक्सर उलटा केला, खालचे चार स्क्रू काढले आणि बोलता बोलता कार्बन ब्रश पण बाहेर काढून तळहातावर ठेवले, शाळेतल्या पेन्सिलीचा शेवटचा तुकडा उरतो ना तेवढेसे. म्हणाले हे पण टाकून घ्या. मग काउंटरखालून एक प्लास्टिकचा डबा काढला, त्यात पाच-सहा कंपन्यांच्या मिक्सरची कपलरं एकत्र पडलेली. मी विचारलं, काका हे कंपनीचं ओरिजिनल आहे का? तर म्हणाले, "अहो कंपनी कुठे बनवते, कंपनीला पण कोणीतरी पुरवतोच की."

एवढ्या एका वाक्यात काकांनी अख्खी मॅन्युफॅक्चरिंग इंडस्ट्री सांगून टाकली.

मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात पंधरा वर्षं वेंडर डेव्हलपमेंट नावाचं काम करतोय, म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीला लागणारे पार्ट बाहेरून कोण बनवून देईल ते शोधायचं, त्याच्याकडून ते नीट बनवून घ्यायचे आणि बिघडले की त्याच्याशी भांडायचं. त्यामुळे नातेवाईक, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो, की आपल्याकडे एवढे इंजिनिअर, एवढे कारखाने, मग आपले स्वतःचे ब्रँड का नाहीत, सगळं चायनाचंच का. आणि दुसरीकडून लगेच कोणीतरी टाकतं की आता आयफोन पण भारतात बनतो, तुम्ही निगेटिव्ह लोक. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी फोनचं बघू. समजा एक फोन कारखान्यातून १०,००० रुपयांना बाहेर पडतो. त्यातले समजा ८,२०० रुपयांचे पार्ट, म्हणजे स्क्रीन, चिप, कॅमेरा, मेमरी, बाहेरच्या देशातून आले. इथे ते जोडले, तपासले, खोक्यात भरले, त्यात आपल्या लोकांचा पगार, वीज, कारखान्याचं भाडं, कंपनीचा थोडा नफा, असं मिळून १,८०० रुपये आपल्याकडे झाले. या १,८०० ला व्हॅल्यू ॲडिशन म्हणायचं, मराठीत मूल्यवर्धन. आपल्याकडच्या फोनमध्ये हे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के धरतात. खोक्यावर मेड इन इंडिया लिहिलंय ते खोटं नाहीये, फोन खरंच इथे जोडलाय. पण १०,००० चा फोन विकला म्हणून १०,००० रुपयांचं काम देशात झालं असं नाही होत.

आता यावर लगेच नाक मुरडायचं कारण नाही. श्रीपेरुंबुदूरला किंवा कोलारला अशा कारखान्यांत हजारो पोरी महिन्याच्या पगारावर काम करतायत, ती खरी नोकरी आहे. आणि जोडणीपासून सुरुवात करून वर चढणं हा जुना रस्ता आहे, जपान, कोरिया, तैवान, चीन सगळे त्याच रस्त्याने गेलेत. सरकारने २०२० मध्ये आणलेली पीएलआय स्कीम, म्हणजे जास्त माल बनवून विकलात तर वाढीव विक्रीवर ठराविक टक्के बक्षीस, ती पहिल्यांदा मोबाईललाच जोरात लागू झाली, नंतर ती १४ सेक्टरला लावली आणि एकूण रक्कम १.९७ लाख कोटी धरली. त्याने कारखाने आले, एक्स्पोर्ट वाढला. फक्त त्याने ब्रँड येत नाही, कारण ब्रँड ज्या गोष्टीवर उभा राहतो ती गोष्ट जोडणीच्या लाईनवर नसतेच.

मग ती कुठे असते? आमच्या धंद्यात एक साधा प्रश्न आहे. कुठल्याही मशीनशॉपमध्ये जा, मशीनवर पार्ट चालू असतो, बाजूला पत्र्याच्या स्टँडला क्लिप लावून एक कागद लटकवलेला असतो, तेल लागून पिवळा पडलेला. ते ड्रॉइंग. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात कंपनीचं नाव असतं. तो पार्ट कोणी बनवला याच्यापेक्षा त्या चौकटीत कोणाचं नाव आहे हे बघायचं. ड्रॉइंग ज्याचं त्याने ठरवलेलं असतं की हा पार्ट असा का आहे, कुठलं मटेरियल, किती जाड, किती घासला तरी चालेल. बाकी सगळे त्याचं म्हणणं प्रत्यक्षात आणून देणारे. फोनच्या बाबतीत ते ड्रॉइंग बहुतेक वेळा बाहेरचं असतं. आपण ज्याला ब्रँड म्हणतो तो त्या चौकटीतल्या नावाचा असतो.

आता परत मिक्सरकडे येतो, कारण मिक्सरचं ड्रॉइंग आपलं आहे, आणि ते कसं आपलं झालं ती गोष्ट भारी आहे.

साठच्या दशकात ज्यांच्या घरी मिक्सर होते ते परदेशी असायचे. सत्य प्रकाश माथुर नावाचे एक इंजिनिअर सीमेन्समध्ये काम करायचे, त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राऊनचा जर्मन मिक्सर होता. तो जळला. बिचाऱ्याचा दोष नव्हता, तो फळं आणि भाज्या यांच्यासाठी बनलेला, त्याच्यात आपण भिजवलेली डाळ आणि मसाले टाकले तर तो काय करणार. तर बायको म्हणाली तुम्हीच बनवा ना एक, आणि माथुरांनी खरंच बनवला. १९६३ साली कंपनी काढली, मिक्सरचं नाव सुमीत. पुढची वीसेक वर्षं मराठी घरात काय, अख्ख्या देशात मिक्सर म्हणजे सुमीत असं होतं, आमची आजी तर दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला पण सुमीतच म्हणायची.

यात नवीन काय होतं ते नीट बघा, कारण इनोव्हेशन म्हटलं की लोकांना लॅब आणि पांढरा कोट आठवतो. मिक्सरच्या आत युनिव्हर्सल मोटर असते, कार्बनचे दोन ब्रश फिरत्या भागाला टेकून करंट देतात, आणि ती मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे मारते. हे काही माथुरांनी शोधलं नव्हतं. पण सुकं खोबरं, हळकुंड, भिजलेले तांदूळ वाटायचे तर मोटर अडखळते, अडखळली की जास्त करंट खेचते, करंट वाढला की तापते आणि तापली की जळते. म्हणून मोटर दणकट हवी, ती थंड करायला खालून हवा खेचणारा पंखा हवा, पातं जाड हवं, भांडं स्टीलचं हवं कारण आपण गरम मसाले टाकतो, ओल्या वाटणाला वेगळं, सुक्याला वेगळं आणि चटणीला लहान भांडं हवं. आता बहुतेक मिक्सरला बुडाशी एक लाल बटण असतं, लोड जास्त झाला की मोटर जळायच्या आधी ते टपकन बाहेर येतं आणि सप्लाय तोडतं. अर्ध्या लोकांना ते बटण माहीतच नसतं आणि मिक्सर बंद पडला म्हणून रिपेअरला नेतात, हे काकांनीच सांगितलं, हसत हसत.

आणि ते कपलर. ते मुद्दाम मऊ मटेरियलचं असतं. भांड्यात काही अडकलं तर कोणीतरी तुटायलाच पाहिजे, मग महागडी मोटर तुटण्यापेक्षा पन्नास रुपयांचं कपलर झिजू दे. म्हणजे माझी चटणी अर्धवट राहिली ती डिझाईनप्रमाणेच राहिली. हे आईला समजावून सांगितलं, तिला पटलं नाही.

असंच कोईमतूरचं. तिथे इडली-डोशाचं पीठ दळायचा वेट ग्राइंडर तयार झाला, दगड आणि मोटर एकत्र, आणि तो तिथे झाला कारण गावात आधीपासून पंप आणि मोटरी बनवणारे, ओतकाम करणारे, वाइंडिंग करणारे, सगळे एका सायकलवर पोचता येईल एवढ्या अंतरात होते. आज कोईमतूर वेट ग्राइंडरला जीआय टॅग आहे, म्हणजे ते नाव त्या भागाचंच अशी सरकारी नोंद, आपल्या हापूससारखी. आपल्याकडे हेच कोल्हापूरच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग, पिंपरी-चिंचवडचे टूलरूमवाले, म्हणजे साचे आणि टूल बनवणारे. एकाला अडलं की दुसऱ्याकडे संध्याकाळी जाऊन विचारता येतं, याची किंमत कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही.

मग एवढं सगळं आहे तर गाडी अडते कुठे, हा खरा प्रश्न. इथे डाय समजून घ्यायला लागेल. प्लास्टिकचा कुठलाही पार्ट साच्यातून निघतो, त्याला आमच्याकडे मोल्ड किंवा सरळ डाय म्हणतात. स्टीलचे दोन जड ठोकळे, आत कोरलेला आकार, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने मारायचं, थंड होऊ द्यायचं, उघडायचं, पार्ट खाली पडतो. समजा डाय ६ लाखाची आहे. तुम्ही १,००० पीस काढले तर प्रत्येक पीसवर नुसत्या डायचेच ६०० रुपये पडले. १ लाख पीस काढले तर ६ रुपये. १० लाख काढले तर ६० पैसे. मटेरियल तेच, मशीन तेच, ऑपरेटर तोच. आता समोरचा चिनी कारखाना १० लाखवाला असेल आणि तुम्ही १,००० वाले, तर तुमचा माणूस रात्रंदिवस घाम गाळू दे, तुमचा पीस स्वस्त होणारच नाही. "ते लोक लेबर स्वस्त वापरतात" हे अर्धसत्य आहे, तिथले पगार तर आता आपल्यापेक्षा बरेच वर गेलेत. त्यांचं स्वस्त आहे ते या भागाकारामुळे.

आणि हा भागाकार आपल्याकडे खूप वर्षं कायद्यानेच अडवला होता. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असा नियम आला, ती यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली. हेतू चांगला होता, मोठ्यांनी लहानांना खाऊ नये. पण झालं असं की लहान मोठा झाला की त्याची सवलत जायची, म्हणून कोणी मोठंच होईना, एक कारखाना वाढवण्यापेक्षा बायकोच्या नावावर दुसरा, मेहुण्याच्या नावावर तिसरा. त्या यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू निघायला एप्रिल २०१५ उजाडला. मोठ्यांचं वेगळंच, त्यांना किती माल बनवायचा याचं पण लायसन्स लागायचं, ते १९९१ ला बऱ्यापैकी सुटलं. बजाजची स्कूटर आठवा. इटलीच्या पियाजिओ कंपनीचं लायसन्स घेऊन सुरू झालेली, तो करार १९७१ ला संपला आणि १९७२ ला चेतक आली, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं वेटिंग. आमच्या घरात जोक आहे की बाबांनी नंबर लावला तेव्हा ते बॅचलर होते आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी रांगत होतो. आता यात आपण बजाजचं कौतुक करतो, पण वेटिंग असलं की कंपनीला सुधारायची घाई नसते हे पण तेवढंच खरं, चेतक चालू करायच्या आधी एका अंगावर वाकवावी लागायची आणि आपण ते प्रेमाने वाकवायचो कारण दुसरं होतंच काय. तीच कंपनी नंतर बाजारात होंडा-यामाहा आल्यावर २००१ ला पल्सर घेऊन आली. तिचं डिझाईन करताना जपानी लोकांची मदत घेतली होती, पण ठरवणारे इथले होते.

पुण्याचं नशीब म्हणा की इथे काही लोकांनी बाजार उघडायच्या कितीतरी आधी टूलरूमवर पैसे घातले. टेल्कोचे, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीचे, सुमंत मुळगावकर, हे नाव आपल्याकडे जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही, त्यांनी १९६६ ला पुण्यात कंपनीचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू केलं. ट्रक आपोआप विकले जात होते त्या काळात. लोकांना टाटा सुमो माहीत असते, पण त्या नावातला 'सु' आणि 'मो' सुमंत मुळगावकरांचा हे कमी जणांना माहीत असतं. त्याच जागेतून तीस वर्षांनी इंडिका निघाली, १९९८ च्या शेवटी. स्टायलिंग इटालियन लोकांकडून करून घेतलं, कारखान्याची लाईन ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला प्लांट विकत घेऊन, सुटा करून, जहाजात घालून पुण्यात आणून जोडली, पण गाडी काय असावी हे ठरवलं इथे. आणि मग ती गाडी लोकांना त्रास द्यायला लागली. तक्रारींचा ढीग. कंपनीने पार्ट बदलून दिले, दोन-अडीच वर्षं झगडून २००१ ला व्ही-टू आणली आणि तीच खरी चालली, टॅक्सीवाल्यांनी तर तिची पार रया घालवेपर्यंत चालवली. मला इंडिकापेक्षा ही मधली दोन-अडीच वर्षं महत्त्वाची वाटतात. ड्रॉइंग आपलं असलं की चूक पण आपली असते, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला अशी चूक करायची संधीच मिळत नाही, तो फक्त रिजेक्शन भोगतो.

असलं झगडणं आपल्याला नवीन पण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. शेतकरी घ्यायला तयार नाहीत, कारण लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी समजूत. पहिले थोडेसे नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. म्हणजे प्रॉडक्ट चांगलं असून बाजार नाही, ही स्टार्टअपवाल्यांची रडकथा सव्वाशे वर्षं जुनी आहे. १९१० ला औंधच्या राजांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली तेव्हा कुठे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

इथे मला एका शब्दावर थोडं चिडून बोलायचंय, जुगाड. परदेशी लोकांनी येऊन आपल्या जुगाडाचं एवढं कौतुक केलं की आपल्यालाही वाटायला लागलं की हेच आपलं इनोव्हेशन. मला जुगाड आवडतो, मी पण करतो, रात्री अकराला लाईन बंद पडली तर वायर बांधून चालू करतोच. पण प्रॉडक्टचं गणित वेगळं असतं. मिक्सरच्या मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा घ्या. समजा ड्रॉइंगवर लिहिलंय ८ मिलिमीटर, अधिक-उणे १० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला केसाच्या सातव्या भागाएवढी सूट. एक शाफ्ट असा बनवणं कुठल्याही चांगल्या टर्नरला जमतं. पण सोमवारी सकाळी बनवलेला, शनिवारी रात्री लाईट येऊन-जाऊन बनवलेला, नवीन पोराने बनवलेला, टूल झिजत आलेलं असताना बनवलेला, हे सगळे शाफ्ट तेवढ्याच सुटीत बसले पाहिजेत. नाही बसले तर १८,००० फेऱ्यांवर तो थरथरतो, ज्यात फिरतो ती बुश खातो, आवाज करतो आणि सहा महिन्यांनी रिपेअरवाल्या काकांच्या टेबलवर जातो. गिऱ्हाईक मायक्रॉन मोजत नाही, तो शेजारणीला सांगतो की त्या कंपनीचा घेऊ नका. ब्रँड म्हणतात तो हा, जाहिरात नंतर.

आता चालू काळातलं एक उदाहरण, सीलिंग फॅन. नेहमीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि त्यातली बरीच मोटर गरम करण्यात वाया जाते. २०१२ ला आयआयटी मुंबईच्या पोरांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने बीएलडीसी मोटरचा पंखा काढला, म्हणजे फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक आणि त्यांना फिरवायला एक छोटं सर्किट, जे ठरवतं की कुठल्या क्षणी कुठल्या कॉइलला करंट द्यायचा. फुल स्पीडला २८ वॅट. हिशोब करा, वर्षभर दिवसाला १२ तास पंखा चालला तर साधारण २०० युनिट वाचतात, एका पंख्यामागे. मोटर तंत्र नवीन नव्हतं, कॉम्प्युटरच्या छोट्या पंख्यात ते आधीपासून होतं. पण छताला लटकणारा पंखा, जो आपल्याकडे आठ महिने गरगरतो, ज्याच्या खाली माणसं झोपतात आणि ज्याला गावाकडचं खालीवर होणारं व्होल्टेज सहन करायचंय, तो युरोपातल्या कंपनीचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या छताला सहसा पंखा नसतो. माथुरांच्या मिक्सरसारखंच. नंतर जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि सगळ्या जुन्या कंपन्या पण धावत आल्या.

पण इथेच पुढची अडचण दिसते. चांगल्या मोटरला चांगलं चुंबक लागतं, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरला तर दुर्मिळ मूलद्रव्यांचं चुंबक लागतं आणि ते जवळजवळ सगळं चीनमधून येतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच बजाजला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करायला लागलं. ड्रॉइंग आपलं, कारखाना आपला, गिऱ्हाईक आपलं, आणि मुठीएवढ्या चुंबकासाठी लाईन अडली. म्हणून व्हॅल्यू ॲडिशनचा आकडा नुसता अर्थशास्त्रवाल्यांचा नाहीये. एकेक पायरी खाली उतरत जावं लागतं, गाडीपासून मोटर, मोटरपासून चुंबक, चुंबकापासून धातू शुद्ध करण्याची केमिस्ट्री, आणि जेवढं खाली तेवढं पैसे जास्त, वेळ जास्त आणि फोटो काढायला काही नाही.

वेळ आणि पैशाचा एकच आकडा सांगतो. आपण देश म्हणून संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्या त्या ०.६४ मध्ये पण मोठा वाटा सरकारचा, खासगी कंपन्यांचा कमी. तिकडे उलटं आहे. २०१४ ला मेक इन इंडिया आलं तेव्हा जीडीपीत मॅन्युफॅक्चरिंगचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, तो अजून त्याच्या बराच खाली घुटमळतोय.

खालच्या पातळीवर हे कसं दिसतं ते माझ्या मित्रावरून सांगतो. त्याच्याकडे भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये चार व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालून धातू कापणाऱ्या मशीन आहेत, कर्जावर घेतलेल्या. काम सगळं जॉबवर्क, म्हणजे मटेरियल पण कंपनीचं, ड्रॉइंग पण कंपनीचं, याचे फक्त मशीनचे तासाचे पैसे. माणूस सोन्यासारखा, हातात कला आहे, मशीनवर पार्ट घट्ट धरणारे फिक्श्चर असे बनवतो की बघत राहावं. मी त्याला दहा वर्षं म्हणतोय स्वतःचं काहीतरी काढ. तो म्हणायचा, अरे हप्ता कोण भरणार. माल दिल्यावर पैसे चार-चार महिने अडकायचे. कायद्याने ४५ दिवसांत द्यायला हवेत, २००६ पासून कायदा आहे, पण लहान माणूस मोठ्या गिऱ्हाईकावर केस करतो का? परत ऑर्डर नको का? मग इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलं, म्हणजे वर्षअखेरीपर्यंत सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे मुदत उलटलेले पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च दाखवता येणार नाही. ते आल्यापासून मार्चमध्ये त्याला फोन यायला लागले, की तुमचं बिल पेंडिंग आहे का हो, अकाउंट नंबर कन्फर्म करा. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी पैसे द्यायला शोधतंय. अर्थात काही जणांनी उलटी शक्कल काढली, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशनच, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणीच, रद्द करा मग काम देतो म्हणाले. असतात असे.

तर या पैशाच्या जोरावर म्हणा किंवा माझ्या कटकटीला वैतागून म्हणा, त्याने मागच्या दिवाळीनंतर एक गोष्ट सुरू केली. नारळ खवायचं मशीन. घरगुती, ओट्यावर बसणारं, मोदकांच्या वेळी वीस नारळ खवायचे असले तर बाईचा हात दुखू नये म्हणून. बाजारात आहेत तसली, पण त्याच्या बायकोचं म्हणणं की त्यात करवंटीचा काळा भाग पण खवला जातो आणि खोबरं करडं दिसतं, मोदकाला चालत नाही. म्हणजे परत बायकोच. त्याने पातं थांबायचं अंतर ॲडजस्ट करता येईल असं काहीतरी केलंय, मला सगळं दाखवलं नाही, पेटंटचा अर्ज करतोय म्हणून लपवून ठेवतो आणि ते बरोबरच आहे.

प्लास्टिकच्या बॉडीची डाय चाकणला एका टूलरूमकडून करून घेतली. पहिल्या ट्रायलला बॉडी वाकडी आली, एका बाजूला भिंत जाड आणि एका बाजूला पातळ, त्यामुळे थंड होताना ओढ बसली. दुसऱ्या ट्रायलला बॉडी सरळ पण कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन ब्लेडसारखी धार. मागच्या रविवारी तिसरी ट्रायल होती, मी पण गेलो. मशीन उघडली, पार्ट पडला, त्याने गरम असतानाच उचलला, हात भाजला, तरी सोडला नाही, उजेडात धरून चारी कडांवरून अंगठा फिरवला. मग काही न बोलता माझ्याकडे दिला. मी उलटा करून बघितला, आतल्या बाजूला उठावात चार अक्षरं होती, त्याच्या मुलीचं नाव. फ्लॅश एका कोपऱ्यात अजून थोडा होता. टूलरूमवाला म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे, डाय उतरवतो, तुम्ही तोपर्यंत चहा घेऊन या.